जहाजावरून जमिनीवर मारा करायचा तर हुकूम कुणाचा, आणि थांबवायचं कुणी

परवा भाचा घरी आलता, सोबत त्याचा रूम पार्टनर. दोघंही सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेची, तयारी करतेत आणि दोघांचं भांडण जिन्यातूनच चालू. भाच्याचं म्हणणं असं की मामा, समुद्रात कॅप्टन म्हणजे सर्वेसर्वा, ब्रह्मोस क्षेपणास्त्र त्याच्या जहाजावर आहे म्हणल्यावर जमिनीवर कुठं मारायचं ते तोच ठरवणार. पार्टनर म्हणतोय, नाही बे, जमीन म्हणलं की आर्मी, आर्मी सांगंल तिथं नेव्हीनं मारायचं, नेव्ही नुसती गाडी. आणि एकाहत्तरला कराचीवर मारलं तेव्हा हुकूम कुणाचा होता यावर तर दोघं पार हमरीतुमरीवर आलेले. मी नेव्हीत चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ऑपरेशन्स रूममध्ये रडार आणि प्लॉटवर, म्हणजे जहाजांच्या जागा आखायच्या नकाशावर, गेली, त्यामुळं चहा पिता पिता सांगायला लागलो पण ते अर्धवटच राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहितो, अजून कुणी तयारी करत असंल तर त्यालाही कामाला येईल.

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. घोळ असा होतोय की आपण 'हुकूम' हा एकच शब्द वापरतो आणि त्यात चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. हे ठिकाण मारायचं का नाही, हे एक. मारायचं तर कुठल्या जहाजानं, कुठल्या हत्यारानं, किती वाजता, हे दुसरं. जहाज कुठं उभं राहणार, ते तिथं सुरक्षित आहे का, आत्ता या क्षणी हत्यार सोडायचं का, हे तिसरं, आणि हे कायम कॅप्टनचंच असतंय, वरच्या कितीही मोठ्या साहेबानं मुंबईत बसून त्याचं जहाज चालवायचं नसतं. चौथं म्हणजे थांबवायचं कुणी. पुस्तकात याला चार ओळी मिळतात, पण माझ्या मते सगळं कमांड अँड कंट्रोल, म्हणजे हुकूम आणि नियंत्रणाची साखळी, या चौथ्या गोष्टीवर उभं आहे, आणि जहाजावरनं जमिनीवर मारताना तर जास्तच.

कारण समुद्राची सवय वेगळी आहे. भर समुद्रात जहाजाच्या आजूबाजूला एक तर पाणी असतंय नाहीतर रडारवर एखादा ठिपका, आणि तो ठिपका आपला का परका एवढं कळलं की पुढचं सोपं. म्हणून जगभरच्या नौदलांत कॅप्टनला खूप मोकळीक देतात, वरचा साहेब म्हणतो तू कर, मी नको म्हणलो तर थांब, आणि नको म्हणलं नाही म्हणजे चालू ठेव. हवेतनं विमान अंगावर येत असताना परवानगी मागत बसलं तर जहाजच राहणार नाही, त्यामुळं ही पद्धत तिथं बरोबरच आहे. पण तीच तोफ किनाऱ्याकडं वळवली की चित्र बदलतंय. जमिनीचा प्रत्येक तुकडा कुणाचा तरी असतो, तिथं आपली पायदळाची तुकडी असंल, पलीकडं गाव असंल, दवाखाना असंल, वर आपल्याच एअर फोर्सचं विमान असंल, आणि यातलं काहीही जहाजाच्या रडारवर दिसत नाही. रडारला किनारा म्हणजे नुसती एक जाड चमकणारी पट्टी. म्हणजे ज्याच्याकडं हत्यार आहे त्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसतंय त्याच्याकडं हत्यार नाही. ही दोन माणसं जोडायची कशी, एवढाच सगळा या विषयाचा गाभा आहे.

आता तोफेचं सांगतो, कारण ते मी कानानं ऐकलंय. जमिनीवर एक स्पॉटर असतो, बहुतेक वेळा आर्टिलरीचा ऑफिसर, रेडिओ घेऊन एखाद्या टेकाडावर पडून. तो म्हणतो 'फायर मिशन', मग टार्गेटचा ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या जागेचे आकडे, उंची, तो कुठल्या दिशेनं बघतोय ते, टार्गेट काय आहे आणि आपली माणसं किती जवळ आहेत. जहाजावरून हे सगळं जसंच्या तसं परत वाचून दाखवतात, आकडा न आकडा, आणि पलीकडनं बरोबर म्हणल्याशिवाय तोफ हलत नाही. गोळा सुटला की जहाजानं म्हणायचं 'शॉट', आणि पडायच्या पाच सेकंद आधी 'स्प्लॅश', म्हणजे त्यानं डोळे वर करून बघावं. मग तो सांगणार, उजवीकडं दोनशे, अलीकडं चारशे. म्हणजे तोफ जहाजाची, पण नेम त्या टेकाडावरच्या माणसाचा.

यात एक बारकावा आहे तो बऱ्याच जणांना माहीत नसतोय. जहाजाच्या तोफेचा गोळा जोरात आणि बऱ्यापैकी सपाट जातो, त्यामुळं डावी-उजवीकडं तो अगदी नीट पडतो, पण पुढं-मागं पसरतो. कागदावर काढलं तर पडलेल्या गोळ्यांचा आकार काकडीसारखा लांबट येतो, आणि ती काकडी जहाजापासून टार्गेटकडं जाणाऱ्या रेषेच्या दिशेनंच लांब पडलेली असते. आपली माणसं त्या रेषेच्या बाजूला असली तर फारशी काळजी नाही, पण रेषेवरच असली, टार्गेटच्या अलीकडं किंवा पलीकडं, तर एखादा कमी-जास्त पडलेला गोळा थेट त्यांच्यात. म्हणून जहाज कुठं उभं आहे याला एवढं महत्त्व, आणि जहाज तर हलत असतंय.

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सरावातली गोष्ट आहे, जहाजाचं नाव राहू द्या. सकाळी किनाऱ्यावर आमची माणसं उतरलेली, आम्हाला पुढच्या डोंगरावर गोळे टाकायचे होते, स्पॉटरचा ग्रिड आला, परत वाचला, बरोबर. पहिले दोन गोळे नीट पडले. मधेच मच्छीमारांच्या जाळ्यांची एक लांब ओळ आली म्हणून ब्रिजनं, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांनी, जहाज किनाऱ्याला धरून उत्तरेकडं नेलं, तीनेक मैल असंल, ब्रिजच्या दृष्टीनं अगदी बरोबर केलं. तोफेच्या कॉम्प्युटरनंही नवीन जागेवरून नेम परत धरला, त्याचंही बरोबर. आकडे सगळे बरोबर, चुकलं कुणाचंच नव्हतं. माझ्याशेजारी प्लॉटवर एक पोरगा होता, नोकरीला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती त्याच्या, तो ग्रीस पेन्सिलनं नवीन रेषा ओढत होता आणि ओढता ओढता त्याचा हात थांबला. म्हणला, चीफ, लाइन बीचवरून चाललीय. बघितलं तर खरंच, जहाज सरकल्यामुळं रेषा फिरली होती आणि आता ती जिथं आमची माणसं गाड्या उतरवत होती त्याच्या वरून जात होती. मी स्विच दाबून 'चेक फायर' म्हणलो, कुणाला विचारलं नाही, विचारायचं नसतंच. तोफ थांबली. दुसऱ्या एका जहाजावर सगळ्या सरावाचं नियंत्रण करणारी टीम होती, त्यांनी रेडिओवर फार कडक शब्दांत विचारलं की वेळापत्रक कुणी मोडलं, कारण पुढची विमानं ठरलेल्या वेळेला येणार होती. आमच्या कॅप्टनसाहेबांनी त्यांना एवढंच सांगितलं की माझ्या जहाजानं मोडलं, आणि मग आमच्याकडं वळून विचारलं की मला कुठं उभं करतोस सांग.

'चेक फायर' हा शब्द कुणीही उच्चारू शकतो, स्पॉटर, तोफेवरचा माणूस, प्लॉटवरचा पोरगा, कुणीही, आणि तो ऐकला की आधी थांबायचं, का थांबवलं ते नंतर विचारायचं. परत चालू करायचं मात्र सगळ्यांच्या हातात नाही, ज्यानं थांबवलं त्याचं समाधान झाल्याशिवाय कॅप्टन परत परवानगी देत नाही. मारायला परवानगी वरून खाली येते, थांबवणं खालून कुठूनही येऊ शकतं. हे भाच्याला मी दोनदा सांगितलं.

जगानं हे रक्त सांडून शिकलंय. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर अमेरिकन मरीन उतरले तेव्हा तिथल्या मोहिमेचं मुख्यालय 'मेरीलँड' या युद्धनौकेवर होतं आणि तीच युद्धनौका स्वतःच्या सोळा इंची तोफांनी मारापण करत होती, त्या तोफांच्या हादऱ्यानं तिचेच रेडिओ बंद पडले. म्हणजे ज्यानं सगळ्यांना सांगायचं तोच मुका झाला. मारा थांबला आणि माणसं प्रत्यक्ष किनाऱ्याला लागली, यात जी फट राहिली त्यात जपानी परत आपल्या जागेवर येऊन बसले. पुढच्या मोहिमांत मुख्यालयासाठी वेगळी जहाजं वापरली, ज्यांचं काम फक्त बोलणं आणि ऐकणं.

याच्या उलट ६ जून १९४४, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचा ओमाहा बीच. तिथं किनाऱ्यावरच्या बहुतेक स्पॉटरांचे रेडिओ गेलेले, पाण्यात बुडाले किंवा माणूसच गेला. विनाशिका किनाऱ्याच्या इतक्या जवळ आल्या की तळ घासायची भीती. 'कार्मिक' नावाच्या विनाशिकेनं किनाऱ्यावरचे आपले रणगाडे कुठं गोळे मारतेत ते दुर्बिणीतून बघितलं आणि त्याच जागेवर आपली तोफ चालवली, बोलणं नाही, रेडिओ नाही. इथं कॅप्टननं स्वतः ठरवलं, आणि ते चाललं, कारण दिवसाउजेडी त्याला डोळ्यांनी दिसत होतं आणि वरच्यांना काय हवंय हे त्याला आधीपासून नीट माहीत होतं. त्यामुळं कॅप्टनला मोकळीक द्यायची का नाही असं सरसकट काही नसतंय, त्याला काय दिसतंय त्यावर ते आहे.

अर्जेंटिनानं घेतलेल्या फॉकलंड बेटांवर १९८२ च्या जूनमध्ये ब्रिटिश जहाजं रात्री पोर्ट स्टॅन्लीच्या आसपास तोफा चालवत होती, तर एक गोळा गावातल्या घरावर पडला आणि तीन बायका गेल्या. त्या सगळ्या लढाईत तिथले स्थानिक नागरिक मेले ते एवढेच, आणि तेही ज्यांना सोडवायला गेले होते त्यांच्याच तोफेनं. नकाशावर 'इथं मारायचं नाही' म्हणून ज्या चौकटी आखतात त्या अशासाठी. आणि ही चौकट नुसती मुख्यालयातल्या भिंतीवर असून काय उपयोग, ती जहाजाच्या प्लॉटवर पाहिजे, आणि आजच्या तारखेची पाहिजे.

नकाशावरून आठवलं, हे फार कमी लोक बोलतेत. आपले जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या मोजणी-पद्धतीवर बेतलेले, आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक पद्धतीवर. तेच अक्षांश-रेखांश एका पद्धतीतून दुसरीत न बदलता टाकले तर जागा शंभर मीटरपेक्षा जास्त सरकू शकते. समुद्रात शंभर मीटर म्हणजे काहीच नाही, गल्लीत शंभर मीटर म्हणजे दुसरं घर. उंचीचंही तसंच, नेव्हीच्या चार्टवर खोली मोजतेत ओहोटीच्या खालच्या पातळीपासून आणि आर्मीच्या नकाशावर उंची सरासरी समुद्रपातळीपासून. जॉइंट सरावात मी सगळ्यात आधी हेच विचारायचो, तुमचा नकाशा कशावर आहे. कमांड अँड कंट्रोल म्हणजे मोठी मोठी सॅटेलाइट असं पोरांना वाटतंय, पण ते इथून सुरू होतंय.

आता क्षेपणास्त्राकडं येतो. सोलापूरकरांना हे उजनीवरून लगेच कळंल. उजनीतनं नदीत पाणी सोडलं की ते आपल्या औज बंधाऱ्यात यायला कित्येक दिवस लागतात, आणि सोडलेलं पाणी परत धरणात घेता येत नाही. दरवाजा उघडणाऱ्याला पंढरपूरचं वाळवंट दिसत नाही, तिथं वारकरी उतरलेत का रिकामं आहे ते त्याला कळणार नाही, म्हणून दरवाजा त्याच्या हातात असला तरी किती आणि कधी हे त्याच्या हातात नसतंय, खालच्या गावांना आधी कळवलेलं असतंय, आकडा ठरलेला असतोय. ब्रह्मोस आवाजाच्या पावणेतीन पटीच्या पुढं जातंय, तीनशे किलोमीटर जायला साडेपाच मिनिटांच्या आसपास. उजनीच्या पाण्यासारखंच, फक्त दिवसांच्या ऐवजी मिनिटं. तोफेत निदान दोन गोळ्यांच्या मधे चेक फायर म्हणता येतंय. क्षेपणास्त्रात जे काय विचारायचं ते सुटायच्या आधी, म्हणून इथं सगळा निर्णय वर सरकतो.

१९९१ च्या आखाती युद्धात १७ जानेवारीला अमेरिकन जहाजांनी टोमाहॉक क्षेपणास्त्रं सोडली, सगळ्या युद्धात मिळून २८८. त्यातल्या एकाही जहाजाच्या कॅप्टननं बगदादमधलं टार्गेट स्वतः निवडलेलं नव्हतं. डोंगर-टेकड्यांचे नकाशे घेऊन मार्ग आखायचं काम आधीच जमिनीवरच्या केंद्रात झालेलं, आणि कुठलं कधी जाणार हे हवाई मोहिमेच्या रोजच्या आदेशात बसवलेलं, कारण त्याच आकाशातनं त्याच वेळी शेकडो विमानं जाणार होती. आणि गंमत नाही ही, फार गंभीर गोष्ट आहे, तो रोजचा आदेश शेकडो पानांचा असायचा आणि एअर फोर्सच्या यंत्रणेतनं विमानवाहू जहाजांना तो नीट मिळतच नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी विमान पाठवून कागद हातानं आणावे लागायचे. जगातलं सगळ्यात श्रीमंत सैन्य, आणि दोन दलांच्या यंत्रणा एकमेकांशी बोलत नाहीत. आठ वर्षं आधी ग्रेनाडा बेटावरच्या अमेरिकन मोहिमेतही हेच, तिथं तर नेव्हीच्या विमानांनी आपल्याच सैन्याच्या ब्रिगेड मुख्यालयावर मारा केला आणि सतरा जण जखमी झाले.

आता कराची, ज्यावरनं भांडण पेटलं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या तीन मिसाइल बोटी, सोबत किल्तन आणि कच्छल ही मोठी जहाजं. या बोटींवरचं रशियन क्षेपणास्त्र मुळात जहाजं बुडवायला बनवलेलं, पल्ला चाळीसेक किलोमीटर, पुढं जाऊन त्याचं रडार जे मोठं दिसंल त्याला धरायचं. किनाऱ्यावर तेलाच्या टाक्याही त्याला मोठ्याच दिसणार. पण हे मारायचं का, हा प्रश्न बोटीवर सुटलेला नव्हता. नौदलप्रमुख अॅडमिरल नंदांनी युद्धाच्या आधीच पंतप्रधान इंदिरा गांधींना विचारून ठेवलं होतं की नेव्हीनं कराचीवर हल्ला केला तर सरकारला राजकीय अडचण आहे का, आणि त्यांचं उत्तर असं होतं की युद्ध झालं तर ते युद्धच. पहिली गोष्ट तिथं मिटली. दुसरी मुंबईत, पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कोहली यांच्याकडं. आणि त्या रात्री समुद्रात स्क्वॉड्रन कमांडर बब्रूभान यादव आणि बोटींचे कॅप्टन, रेडिओ जवळपास बंद, दिल्लीला फोन लावायची सोयच नाही, जेवढं बोलायचं ते रशियनमध्ये. कुठल्या ठिपक्यावर सोडायचं, किती सोडायचं, परत कधी फिरायचं, सगळं त्यांचं. ८ डिसेंबरच्या रात्री विनाश ही मिसाइल बोट गेली, त्रिशूल आणि तलवार सोबत, चार क्षेपणास्त्रं सोडली, कराचीच्या केमारीतल्या तेलाच्या टाक्या पेटल्या. म्हणजे भाच्या, कॅप्टननं ठरवलं हेही खरं, आणि दिल्लीनं ठरवलं हेही खरं, फक्त वेगवेगळ्या गोष्टी ठरवल्या.

त्याच दिवसांत समोरच्या बाजूचंही बघ. ६ डिसेंबरला पाकिस्तानच्या विमानांनी भारतीय मिसाइल बोट समजून स्वतःच्याच 'झुल्फिकार' या फ्रिगेटवर हल्ला केला. आदल्या दोन रात्रींची धास्ती, घाईघाईत दिलेली ओळख, आणि थांबवणारा आवाज विमानापर्यंत वेळेत पोचला नाही.

पार्टनरचा प्रश्न राहिला, ब्रह्मोस नेव्हीचं का आर्मीचं. एप्रिल २०१७ मध्ये आयएनएस तेगवरनं जमिनीवर मारायच्या ब्रह्मोसची चाचणी झाली, आणि आर्मीकडं, एअर फोर्सकडंही ब्रह्मोस आहेच. त्यामुळं एकाच टार्गेटवर तिन्ही दलं मारू शकतेत, आणि म्हणूनच कुणाचं हत्यार यापेक्षा एकाच टेबलावर कोण वाटून देणार हा प्रश्न मोठा. १ जानेवारी २०२० ला सीडीएसचं पद आलं, म्हणजे तुम्ही परीक्षा देताय ती सीडीएस वेगळी, हे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ. अंदमानला २००१ पासून तिन्ही दलांची एकच कमांड आहे. २०२३ च्या कायद्यानं अशा संयुक्त संस्थांच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार मिळाले. माझं स्पष्ट मत आहे की थिएटर कमांड, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच साहेबाखाली, लवकर व्हावीत, ज्याच्या भागात गोळा पडणार त्याच्याच हाताखाली तो सोडणारा असावा. पण हेही तितकंच जीव तोडून सांगतो की जहाज कुठं न्यायचं यात त्या थिएटरच्या साहेबानं हात घालू नये, तो आर्मीचा असो की एअर फोर्सचा. खडक, भरती, जाळी, पाणबुडी, हे ज्याला कळतंय त्याच्याकडंच ते राहू द्या.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपली विमानवाहू नौका आणि सोबतची जहाजं उत्तर अरबी समुद्रात पुढं जाऊन उभी होती, आणि नंतर नौदलानं जाहीर सांगितलं की कराचीसह जमिनीवरची निवडक ठिकाणं मारायची पूर्ण तयारी होती. मारलं नाही. ज्यांनी ऑपरेशन्स रूम बघितलीय त्यांना कळंल की त्या रात्री आत बसलेल्यांचं काय झालं असंल, हेडफोन कानाला, टार्गेट भरलेलं, आणि शब्द येत नाही. तो शब्द आला नाही म्हणून कुणी काही सोडलं नाही, हेही कंट्रोलच आहे.

काल रात्री पार्टनरनं मेसेज करून अजून एक विचारलं. काका, समजा हुकूम हातात आहे, नंतर संपर्क तुटला, ठरलेली वेळ होऊन गेली, मग कॅप्टननं मारायचं का? तर बाळा, अशा हुकमाला सहसा मुदत असते, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत. ती गेली की हुकूमही गेला. त्या ठिकाणी आता आपली माणसं पोचलेली असू शकतेत, विमानं आलेली असू शकतेत. परत विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत नळीचं झाकण बंदच.